वाचक विचारतात: मामांच्या ट्रंकेतल्या पत्रांचं काय करू?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या पट्ट्यातल्या गे, लेस्बियन, ट्रान्स, जोगप्पा (यल्लम्मा देवीला वाहिलेले, लुगडं नेसणारे) अशा सगळ्या लोकांच्या आठवणी, फोटो, पत्रं, कॅसेटी एका जागी जपायचं, म्हणजे आर्काइव्हचं काम आम्ही काहीजण मिळून करतोय, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. तर विचारलंय की! मेल आले, व्हॉइस नोट आल्या, एकानं तर चक्क पोस्टकार्ड टाकलं. सगळ्यांना इथं उत्तर देणं जमणार नाही, म्हणून ज्यातून बाकीच्यांचंही काम होईल तेवढेच प्रश्न घेतले. गावं आणि नावं मुद्दाम काढलीत, आपल्याकडं आडनाव आणि गल्ली कळली की घर सापडायला कितीसा वेळ लागतो.

प्रश्न: ताई, माझे मामा मागच्या पावसाळ्यात वारले. लग्न केलं नव्हतं. बेळगावात टिळकवाडीत एका मित्रासोबत राहायचे, आम्ही त्यांनाही मामाच म्हणायचो. सामान आवरताना एक लोखंडी ट्रंक मिळाली, त्यात दोघांचे फोटो आणि पत्रांचे गठ्ठे आहेत. आई म्हणते जाळून टाक, मोठे मामा म्हणतात रद्दीत घाल. मला दोन्ही नको वाटतं. तुमच्या आर्काइव्हला देऊन टाकू का? (खानापूर तालुका)

आत्ता लगेच देऊ नकोस. आधी एक सांग, ते दुसरे मामा कुठं आहेत? तू एवढं सगळं लिहिलंस पण त्यांच्याबद्दल पुढं एक ओळ नाही. ते हयात असतील तर ट्रंक आधी त्यांची आहे, मग तुमची, मग कुणाची असलीच तर आमची. सामान आवरताना त्यांना कुणी विचारलं होतं का? माझ्या बघण्यात असं फार होतं, इतकी वर्षं एका छताखाली काढलेला माणूस तेराव्याला 'भाड्यानं राहणारे एक ओळखीचे' होऊन जातो आणि त्याच्या हातात एक फोटोसुद्धा राहत नाही. म्हणून आधी त्यांच्याकडं जा. एकटा जा. ट्रंक घेऊनच जा.

कायद्याचंही ऐक, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, पण आतल्या मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो लिहिणारा गेल्यानंतरही ६० वर्षं टिकतो आणि वारसांकडं जातो. म्हणजे त्या मामांनी लिहिलेली पत्रं त्यांच्या परवानगीशिवाय कुणी छापू शकत नाही, मीसुद्धा नाही, आणि तुझ्या मामांनी लिहिलेल्यांवर हक्क मृत्युपत्र नसेल तर बहुतेक तुझ्या आईचा आणि मोठ्या मामांचाच येणार. जे जाळ म्हणतायत तेच वारस, अशी गोची आहे. त्यामुळं आईशी भांडून काम होणार नाही, तिला नेमकी कशाची भीती वाटते ते विचार. बहुतेक वेळा भीती कागदाची नसते, कुणीतरी वाचेल ह्याची असते, आणि त्याला उपाय आहे. जपणं आणि दाखवणं ह्या दोन गोष्टी एकदम ठरवायला लागत नाहीत. पत्रं पाकिटात बंद करून वर लिहिता येतं की माझ्या हयातीत उघडायचं नाही, किंवा अमुक सालापर्यंत नाही, आणि यादीत नावसुद्धा न घालता नुसता एक नंबर टाकता येतो. जाळलेलं परत येत नाही, बंद ठेवलेलं कधीही उघडता येतं, हे आईला तिच्या भाषेत सांग.

आता ट्रंक. काही हलवायच्या आधी झाकण उघडून वरून एक फोटो काढ, गठ्ठे कसे बांधलेत, कशावर काय ठेवलंय ते दिसू दे. तारखेनं लावत बसू नकोस, त्यांनी ज्या क्रमानं ठेवलं त्यालाही अर्थ असतो, कुठलं पत्र वेगळं रुमालात बांधलंय ह्यावरून पुष्कळ कळतं. गंजलेल्या टाचण्या आणि विरघळून चिकटलेले रबर बँड हलक्या हातानं काढ, त्याजागी सुती नाडी बांध. पाकिटं फेकू नकोस आणि घरातल्या पोरांना तिकिटं कापू देऊ नकोस! बऱ्याच पत्रांवर तारीखच नसते, पोस्टाच्या शिक्क्यावरून गाव आणि साल कळतं आणि तो शिक्का नेमका तिकिटावर असतो. निळी आंतरदेशीय पत्रं असतील तर घडीच्या आतली कडेची पट्टी जरूर बघ. जागा संपल्यावर माणूस पत्र आडवं करून तिथं लिहितो आणि वर 'प्रिय मित्रास सप्रेम नमस्कार' असं शाळेतल्या निबंधासारखं सुरू झालेलं पत्र तिथं एकदम मोकळं होतं. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत निघत नाही. फोटोच्या मागं लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं. आणि माळ्यावर ठेवू नकोस, खानापूरच्या पावसात माळ्यावर कागदाचं काय होतं ते तुला मी सांगायला नको, वाळवी नाही लागली तर कसर लागते.

शेवटचं म्हणजे, मामा 'गे' होते असं यादीत लिहू का असंही तू विचारलंयस. त्यांनी स्वतः कुठं तसं म्हटलं असेल तर लिही. नसेल तर जे दिसतं ते लिही: दोन पुरुष, एकत्र घर, टिळकवाडी, अमुक ते अमुक काळ. असे संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ हे १८६२ पासून लागू झालेल्या पीनल कोडातलं, आणि दोन सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून सुप्रीम कोर्टानं कायमचं बाहेर काढलं ते ६ सप्टेंबर २०१८ ला. मधे २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टानं मोकळं केलं होतं ते डिसेंबर २०१३ मध्ये परत फिरलं. एवढा काळ माणसं जपूनच लिहिणार ना, आणि मामांनी जो शब्द वापरला नाही तो आपण त्यांच्या नावावर का टाकायचा. वाचणाऱ्याला बरोबर कळतं.

प्रश्न: मॅडम, मी निपाणीकडचा, एम.ए. करतोय. येत्या मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेत जाऊन मोबाईलवर जोगप्पांच्या मुलाखती घेणार आहे. प्रश्नावली जोडलीय, बघाल का? पहिला प्रश्न 'आपण ट्रान्सजेंडर आहात हे आपणास केव्हा समजले' असा आहे.

बघितली. चोवीस प्रश्न आहेत आणि एकही माणूस चोवीस प्रश्नांना उभ्यानं उत्तर देत नाही रे. शिवाय जत्रेत तर अजिबात नको. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला त्या डोंगरावर लाखांनी माणूस असतं, आपल्या कोल्हापूर-निपाणीकडून ट्रक, ट्रॅक्टर भरून येतात, 'उदं गं आई उदं'च्या गजरात तुझ्या फोनच्या माइकला काही ऐकू येणार नाही आणि भंडारा आत जाईल तो वेगळाच. जोगप्पा तिथं कामावर असतात, डोक्यावर जग (देवीचा मुखवटा बसवलेली टोपली), हातात परडी, चौडक्यावर गाणं चालू, त्यांना बाजूला घेऊन मुलाखत मागणं म्हणजे सुगीच्या दिवशी शेतकऱ्याला फॉर्म भरायला लावण्यासारखं आहे. जत्रेला जा, दर्शन घे, ओळख कर, फोन खिशात ठेव. मुलाखतीला नंतर, साध्या दिवशी, घरी जा.

पहिला प्रश्न काढून टाक. त्यांना 'देवीनं कधी धरलं' विचार. मग ऐक, मधे बोलू नकोस. बहुतेकांची गोष्ट आजारपणापासून किंवा स्वप्नापासून सुरू होते, घरच्यांनी केलेले उपाय, मारझोड, मग कुणीतरी जोगती म्हणते की ही यल्लम्माची आहे, मग मुत्तू म्हणजे देवीच्या नावाचे मणी बांधणं, लुगडं नेसणं. ही त्यांची सांगण्याची रीत आहे, तीच नोंदवायची. त्यांच्यातल्याच काहीजणी स्वतःला ट्रान्सजेंडरही म्हणतात, १५ एप्रिल २०१४ चा ट्रान्स लोकांची ओळख मान्य करणारा सुप्रीम कोर्टाचा नालसा निकाल आणि २०१९ चा ट्रान्सजेंडर कायदा ह्यानंतर ओळखपत्रासाठी तो शब्द लागतोच. एकच बाई डोंगरावर जोगप्पा आणि तहसील ऑफिसात ट्रान्सजेंडर असू शकते, तिला त्यात काही अडचण नसते, अडचण आपल्याला आणि आपल्या प्रश्नावलीला असते. आणि हिजडा समाज आणि जोगप्पा एकच समजू नकोस. तिकडं घराणी, गुरु-चेला आणि निर्वाण म्हणजे शस्त्रक्रियेची परंपरा आहे, जोगप्पांमध्ये देह देवीचा म्हणून सहसा शस्त्रक्रिया करत नाहीत. काहीजणी इकडून तिकडं गेलेल्याही भेटतील.

एक धोका आहे तो नीट समजून घे. देवाला सोडण्यावर कर्नाटकात १९८२ च्या कायद्यापासून बंदी आहे. म्हणजे मुत्तू कुणी बांधले, कुठल्या साली, कोण कोण हजर होतं हे तू नावानिशी रेकॉर्ड केलंस तर उद्या तीच फाइल कुणाविरुद्ध तरी पुरावा होऊ शकते. ती बंदी का आली हे मला माहितीय, पोरींचं जे व्हायचं ते मी जवळून पाहिलेलं आहे, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण मुलाखत देणाऱ्या म्हातारीला तू अडकवायचं नाहीस. नावं विचारू नकोस, आपणहून निघाली तर तेवढा भाग बंद ठेव.

गाणी मात्र भरपूर घे. कन्नडमधलीही घे, मराठीतलीही घे, एकच बाई दोन्हीत गाते. चौडकं कुणी बनवलं, चामडं कुठलं, तार कुणी ताणून दिली, गाणं कुणाकडून शिकली, हे विचारलंस की गप्प असलेला माणूस पण बोलायला लागतो. तिकडं बळ्ळारीकडच्या मंजम्मा जोगती बघ, गुरु काळव्वा जोगतींकडून नाच-गाणं शिकल्या, २०१९ मध्ये कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावर बसलेल्या पहिल्या ट्रान्स बाई, आणि २०२१ मध्ये पद्मश्री घ्यायला गेल्या तेव्हा राष्ट्रपतींची पदरानं दृष्ट काढून आल्या! तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला. पण त्यांच्यासारख्याच आपल्या तालुक्यातल्या गायिकांचं एक गाणं कुणाकडं नाही.

पैसे दे. लाजू नकोस, जोगवा घालतोस तसा वेळेचाही मोबदला घालायचा असतो. रेकॉर्डिंगची कॉपी त्यांच्याच फोनमध्ये टाकून दे, आणि संमती कागदावर अंगठा घेऊन नको, त्यांच्या भाषेत समजावून आवाजातच घे, म्हणजे काय कबूल केलं ते त्यांनाही परत ऐकता येतं. कन्नड येत नसेल तर येणारं कुणीतरी बरोबर ने, 'थोडं थोडं कळतं' वर जाऊ नकोस.

प्रश्न: सीमाभागात मराठी माणसाचे प्रश्न काय कमी आहेत? हे मुंबई-पुण्याचं फॅड आपल्याकडं आणून कशाला घाण उकरता? आपल्या भागात असलं कधी काही नव्हतं. (बेळगाव)

काका, यल्लम्माचा डोंगर आपल्याच जिल्ह्यात आहे.

मुंबई-पुण्याचं नाव होतं कारण तिथं कागद राहिले. मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे गे लोकांचं नियतकालिक १९९० मध्ये निघालं, हमसफर ट्रस्ट ही त्यांच्यासाठीची संस्था १९९४ पासून आहे, पुण्यात समपथिक ट्रस्टनं ह्या विषयावर मराठीत काम उभं केलं. आपल्याकडं माणसं होती, छापलेलं काही नव्हतं, म्हणून 'नव्हतं' म्हणायला सोपं जातं. आणि कागद जपण्याचं महत्त्व सीमाभागातल्या मराठी माणसाला मी काय सांगू. सीमालढ्यातले १७ जानेवारी १९५६ चे हुतात्मे, १ नोव्हेंबरचे मोर्चे, सीमावादावरच्या महाजन अहवालाच्या वेळची कात्रणं, साहित्य संमेलनांच्या पत्रिका, हे सगळं तुम्हीच घराघरात जपलंत ना, सरकारी दप्तरात आपलं म्हणणं कुणी ठेवणार नाही हे माहीत होतं म्हणूनच. आम्हीही तेच करतोय. त्या मोर्चात चाललेल्या सगळ्यांचीच लग्नं मनासारखी झाली होती असं तर तुम्हीही म्हणणार नाही.

प्रश्न: जुन्या सरकारी रेकॉर्डमध्ये आपल्या भागाचं काही सापडेल का? मी वकिली करतो, मुंबईला जाणं-येणं असतं.

सापडेल, पण आरोपी म्हणून सापडेल हे धरूनच जा. बेळगाव जिल्हा आधी मुंबई इलाख्यात आणि मग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळं जुना पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात बघायचा आणि नंतरचा बंगळूरला. जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग ही तर संस्थानं होती, १९४८ मध्ये मुंबई राज्यात आली, त्यांची दप्तरं वेगळी शोधायची. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात हिजड्यांची नोंदवही ठेवायचा भाग होता पण तो मुख्यतः वायव्य प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाकडं राबवला गेला, बेळगावात ती वही शोधत बसू नका. बिदरची गोष्ट वेगळी, तिथं निजामाचं राज्य आणि हैदराबादचा १९१९ चा स्वतंत्र कायदा, तो तेलंगणा हायकोर्टानं २०२३ मध्ये रद्द केला.

फार लांब कशाला, कर्नाटक पोलीस कायद्यात ३६ए कलम घुसवलं ते २०११ मध्ये! त्यात परत तेच, हिजड्यांची नोंदवही ठेवा, नजर ठेवा. कोर्टात आव्हान दिल्यावर सरकारनं त्यातला 'युनक' (हिजडा) शब्द काढून 'पर्सन' घातला. त्या पाच-सहा वर्षांत आपल्या भागात कुणाला कुठं बसवून ठेवलं, कुणाचं नाव कुठल्या वहीत गेलं, ते ज्यांच्यावर बेतलं त्या अजून चाळिशी-पन्नाशीत आहेत. वकीलसाहेब, मुंबईला जायच्या आधी त्यांच्याकडं जा, १८७१ चे कागद कुठं पळून जात नाहीत.

प्रश्न: मी आणि माझी मैत्रीण बरीच वर्षं एकत्र आहोत, दोघींची घरं वेगळी, जगाला आम्ही बचत गटातल्या मैत्रिणी. आमच्याकडं पत्र नाही, एकत्र असा फोटो नाही. आमच्यासारख्यांचं काय जपणार तुम्ही? (चिकोडी तालुका)

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. बायकांचं हे असंच आहे. पुरुषांकडं निदान ट्रंक असते, खोली असते, बायकांकडं स्वतःचं कुलूप असलेलं एक कपाट नसतं, फोनसुद्धा पोरं हाताळतात. आलेलं पत्र वाचून चुलीत घालायचं, ही आपल्याकडच्या कित्येक बायकांची रीत.

पण काही नाही असं नाही. बचत गटाचं वहीपुस्तक आहे ना, दोघींच्या सह्या शेजारी शेजारी असलेलं? एकमेकींना आणलेल्या बांगड्या, साडीची खरेदी पावती, कुठल्या देवाला जोडीनं नवस बोललात ती गोष्ट. जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना आणि ट्रान्स लोकांना सरकारी बस फुकट झाली, तर त्यानंतर तुम्ही दोघी कुठं कुठं गेलात? शून्य रुपयाचं तिकीट ठेवलंय का एखादं? बसमधल्या मशीनच्या तिकिटाची शाई उडून जाते, म्हणून असेल तर आजच फोटो काढा. हसू नका, न्यूयॉर्कला लेस्बियन हर्स्टोरी आर्काइव्ह्ज १९७४ मध्ये सुरू झालं तेही एका बाईच्या राहत्या घरात, आणि असल्याच साध्या गोष्टी गोळा करून वाढलं.

आणि बोला. पण जपून. नाव बदललं म्हणजे झालं असं समजू नका, आपल्याकडं आवाज ओळखतात, हेल ओळखतात, 'माझा थोरला दीर सोसायटीत चेअरमन' एवढ्यावरून पूर्ण घर ओळखतात. म्हणून तुमच्यासारख्यांचं आम्ही आधी ऐकून लिहून काढतो, ओळख पटेल ते सगळं तुम्हीच खोडायचं, आणि मग ते दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात वाचून ठेवायचं. मूळ रेकॉर्डिंग तुमच्यासमोर पुसायचं की कुलपात ठेवायचं ते तुम्ही सांगाल तसं. उद्या मन बदललं तर एका फोनवर सगळं परत, कारण विचारणार नाही.

प्रश्न: फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले तर चालतील ना? घरी जुन्या कॅसेटी पण आहेत.

नुसता फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सअॅप तो बारीक करतं आणि कधी काढला ती माहितीही निघून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, जसाच्या तसा येतो. पण आत्ताच्या फोटोत माहितीबरोबर लोकेशनही येतं हे लक्षात ठेवा, घराची जागा लपवायची असेल तर आधी सांगा, आम्ही काढून घेऊ. छापील फोटो स्कॅन करायचा तर ६०० डीपीआयवर टिफ फाइल, पत्रांना ३०० पुरतं. चिकट पानांच्या जुन्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, फाटतो, पानासकट स्कॅन करा. कॅसेट घरच्या जुन्या टेपवर लगेच लावून बघायचा मोह आवरा, हेड साफ नसेल तर टेप गुंडाळून तुटते, ती आमच्याकडं द्या. स्कॅन झाल्यावर तीन कॉप्या करा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या ड्राइव्हवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. २०१९ च्या पुरात कित्येक घरांतलं सगळंच्या सगळं गेलं, त्यात कुणाचे अल्बम होते कुणाला माहीत.

प्रश्न: आर्काइव्ह मराठीत की कन्नडमध्ये?

दोन्हीत, आणि ह्यावर पाटीचं भांडण करायचं नाही, करायचं असेल तर बाहेर करा. माणूस ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत ठेवतो, यादीत मात्र गावाची सगळी नावं टाकतो, बेळगाव, बेळगावी, बेळगाम, सौंदत्ती, सवदत्ती, कारण शोधणारा कुठलं टाइप करेल सांगता येत नाही.

प्रश्न: तुमचा गट उद्या मोडला तर आमच्या वस्तूंचं काय?

हा सगळ्यात शहाणा प्रश्न. असे गट मोडतात, पैसे संपतात, माणसं लग्न करून किंवा कंटाळून निघून जातात, मी काही अमर नाही. म्हणून मूळ वस्तू शक्यतो तुमच्याकडंच ठेवा, आम्ही स्कॅन करून त्याच दिवशी परत देतो. मूळ वस्तू घरात ठेवणं धोक्याचं असेल तरच द्या. मोठी संस्था हवी असेल तर बंगळूरला नॅशनल लॉ स्कूलमध्ये 'कामरा' (QAMRA) नावाचं क्वीअर आर्काइव्ह आहे, तिथं कागदाला लागणारी हवा, कपाटं, शिकलेली माणसं आहेत. पण बेळगावच्या म्हातारीला स्वतःचंच गाणं ऐकायला बंगळूरला जायला लागू नये, म्हणून एक कॉपी इथं राहिली पाहिजे असा माझा हट्ट आहे.

आणि कुणालाही काही देताना, आम्हालासुद्धा, पावती घ्या. त्यावर तीन गोष्टी लिहून घ्या: काय दिलं, कोण बघू शकतं, आणि संस्था बंद पडली तर वस्तू कुणाकडं जाणार. तिसरी ओळ कोरी असेल तर वस्तू देऊ नका.